बुचाचा वास

करडई फुलली की मी आधी काहीतरी पांढरं शोधते.

सकाळी दार उघडलं की समोर ज्वारीचं रान असतं आणि त्याच्या कडेकडेनं करडईच्या ओळी. जनावरानं तोंड घालू नये म्हणून आमच्या कर्जतच्या बाजूला ज्वारीच्या कडेला करडई पेरतात. काट्याचं कुंपणही होतं आणि घाण्याला तेलही मिळतं. माघात त्या काट्यांवर पिवळी फुलं येतात, मधमाश्या घोंगावायला लागतात, आणि येणाराजाणारा म्हणतो, काय झकास फुललीय. मी मात्र तिच्याकडे पाठ करते आणि दोरीवरचं धोतर बघते. धोतर पांढरं दिसलं तर दूध बघते. दूधही पांढरं दिसलं म्हणजे मग चूल पेटवते.

"दिसलं का गं?" आत्याबाई आतून विचारतात. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

"दिसलं."

"मग चहा टाक."

एवढ्यावर आमचं भागतं. बाहेरच्या कुणी ऐकलं तर त्याला वाटेल, या सासूसुना रोज सकाळी उठून संकष्टीचा चंद्र बघतात की काय.

ही भीती मला जडली ती लढाईच्या दिवसांतल्या एका माघात. लढाई संपली, स्वराज्य आलं, रॉकेलची रांगही थोडी आखूड झाली. भीती काही संपली नाही. वर्षभर ती कुठं दडी मारून बसते कुणास ठाऊक, पण करडईला पहिलं फूल आलं की उंबऱ्यात हजर. आता तर मी तिला ओळखते, तिच्याशी थोडं बोलतेही. त्या वर्षी ती नवी होती आणि मीही या घरात नवीच होते.

मी एका मास्तरांची मुलगी, सातवी पास. लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनी शेजारणीला सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, "शिकल्याली हाय म्हनं. भाकरी फुगती का बगू." भाकरी फुगली. मग त्यांचा राग गेला. हे, म्हणजे माझे यजमान, वर्षाच्या आत पलटणीत भरती झाले आणि इराणच्या बाजूला कुठंतरी गेले. घरात राहिलो आम्ही तिघं. आत्याबाई, मी आणि मामंजी.

मामंजी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीला घरी भजन, आणि खाण्यापिण्याचं असं कडक की कांद्याचा वास आला तरी भिंतीकडे तोंड करून बसायचे. बोलायचे कमी. माझ्याशी तर थेट कधीच नाही. मीही नाही. आमच्यात सासऱ्याशी सून बोलत नाही. बोलायचं ते सासूला ऐकवून, आणि ऐकायचं तेही सासूला सांगितलेलं. "तिला म्हनावं, उन्हाचं माळ्यावर डोकं झाकून बस." मी समोरच असायची. आत्याबाई म्हणायच्या, "ऐकलं का?" मी मान हलवायची. तिघांचं संभाषण असं तीन टप्प्यांनी चालायचं आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. हे पलटणीत निघाले त्या दिवशी मात्र मामंजी त्यांच्या लेकाला माझ्यादेखत म्हणाले होते, "घोर करू नगं. तुजी अमानत माज्यापाशी हाय." ते वाक्य मी मनात घट्ट धरून ठेवलं होतं.

त्या वर्षी ज्वारी अशी आली होती की आत माणूस उभा राहिला तर फेटासुद्धा दिसू नये. दाणा दुधात आला आणि भोरड्या आल्या. भोरडी हा पक्षी एकटा कधी येत नाही. हजारानं येतात, कणसांवर बसतात आणि रान सोलून काढतात. चार मेढी रोवून बांधलेल्या माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, हाका घालायच्या, हे काम उजाडल्यापासून उन्हं चढेपर्यंत. मामंजी गोफण फिरवायचे आणि मी पत्र्याचा डबा बडवायची. दगड सुटला की सगळ्या भोरड्या एकदम उठायच्या. त्या उठण्याचा एक आवाज असतो. पंखांचा, घाबरलेला, कुठं जायचं ते न ठरलेला. क्षणभर सगळं आभाळ थरथरतं.

अशाच एका सकाळी डबा बडवता बडवता त्या माझ्या छातीत उठल्या.

मला दुसरं काही म्हणता येत नाही. आधी वाटलं, रानातलाच आवाज आहे. रानात सामसूम होती. हात छातीवर ठेवला तर आत नुसती फडफड, ताल नाही, माप नाही, एक ठोका इथं तर दुसरा भलतीकडे. मी माळ्यावरच खाली बसले. मामंजींनी वळून पाहिलं, गोफण टाकली आणि घराकडे तोंड करून आत्याबाईंना हाक मारली. मला काही विचारलं नाही. विचारायची रीत नव्हती.

पहिले काही दिवस घरगुती उपाय झाले. दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका लागला नाही म्हणून आत्याबाई खूश झाल्या, म्हणजे दृष्टच होती. फडफड राहिलीच. मग त्या म्हणाल्या, "नवऱ्याचा घोर घेतलाय हिनं." आणि हे सगळ्यांत वाईट होतं, कारण ते खोटं नव्हतं. घोर होताच. पोस्टमन वाकड्या रस्त्यानं गेला तरी माझे पाय गार पडायचे. त्यामुळे घोर कुठं संपतो आणि दुखणं कुठं सुरू होतं, माझं मलाच कळेना. फडफडायला लागलं की भीती वाटायची, आणि भीती वाटली की आणखी फडफडायचं. जातं ओढताना दम लागायचा. विहिरीच्या पायऱ्यांवर मी मधेच टेकायची आणि कुणी पाहिलं तर घागर घासत असल्याचं सोंग आणायची. उशीवर डाव्या कुशीला झोपलं की कानात तो आवाज यायचा. मी उजव्या कुशीला वळायची, जणू त्यानं तो बंद होणार होता.

बाजारच्या गावच्या वैद्यांनी नाडी धरली. सोडली. पुन्हा धरली. "सापडते आणि हरवते," ते म्हणाले. अर्जुनाच्या सालीचा काढा दिला आणि पुढं प्रामाणिकपणे म्हणाले, "पाटील, माझ्या हातातलं हे नाही. नगरला दाखवा."

नगरला म्हणजे मिशनच्या दवाखान्यात. तिथं नुसता वास घेतला तरी बाटतं, असं म्हणणारे लोक आमच्या गावात होते आणि त्यातले दोघे तर मामंजींच्या भजनातलेच. दुसऱ्या दिवशी मी कणसं खुडता खुडता बांधावर बसले ती उठेनाच. ओठ काळेनिळे झाले होते म्हणे. मामंजींनी आत्याबाईंना सांगितलं, "तिला म्हनावं, उद्या नगरला जायाचंय. लुगडं धुतल्यालं नेस."

त्या दिवसांत पेट्रोल सगळं लढाईला जायचं आणि आमची सर्व्हिस मोटार कोळशावर चालायची. मागं एक बंब बांधलेला, त्यात कोळसा धुमसायचा, आणि चढ आला की मोटार हात टेकायची. मग सगळ्यांनी उतरायचं आणि ढकलायचं. मिरजगावच्या पुढं सगळे उतरले. मी उठायला लागले तर मामंजी ड्रायव्हरला म्हणाले, "ही उतरनार न्हाई. हिच्या वाटनीचं म्या ढकलतो." म्हातारा माणूस, धोतराचा काचा मारून त्यांनी माझ्या वाटणीचं ढकललं. मी आत बसून छातीवर हात ठेवून होते आणि मनात म्हणत होते, यांच्या डोळ्यांदेखत काही होऊ नये. नगरात रणगाड्यांची धूळ उडत होती, सोजीर हिंडत होते. खाकी कपड्यातला प्रत्येक पाठमोरा माणूस मला ओळखीचा वाटत होता.

डॉक्टरीणबाई राहुरीकडच्या, आपल्याच मराठीत बोलणाऱ्या, तुकतुकीत काळ्या आणि घाईच्या. पण माझ्या छातीला नळी लावली आणि त्यांची घाई गेली. किती वेळ त्या ऐकत राहिल्या. लहानपणी सांधे धरले होते का, ताप आला होता का, विचारलं. आला होता, नऊ-दहा वर्षांची असताना गुडघे सुजून मी महिनाभर अंथरुणात होते. त्या तापानंच हृदयाला इजा झाली असणार, त्या म्हणाल्या. मग त्यांनी एक गंमतच केली. नर्सबाईंना माझं मनगट धरायला सांगितलं आणि स्वतः छाती ऐकत राहिल्या. दोघींनी एकदमच मोजायला सुरुवात केली आणि एकदमच थांबल्या. दोघींचे आकडे जुळले नाहीत. नर्सबाईंचा आकडा बराच कमी होता.

मला वाटलं, नर्सबाई चुकल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चुकल्या नाहीत. हृदयाचा वरचा कप्पा नीट दाबत नाही, नुसता थरथरतोय. त्यामुळे खालचं कसंही धावतं. छातीत जेवढे ठोके पडतात तेवढे मनगटापर्यंत पोचत नाहीत."

मामंजी दाराशी उभे होते. ते भिंतीला म्हणाल्यासारखे म्हणाले, "मोट नीट भरायच्या आदीच वडली की पाटात पानी येतं, पर शेवटच्या वाफ्याला पोचत न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी मागं वळून पाहिलं. "तसंच बाबा, अगदी तसंच. आता मोट सावकाश ओढायला शिकवायची. औषध देते. थेंब आहेत. लढाईमुळे मुश्किलीनं मिळतंय, सांडू नका. ठरलेल्या थेंबावर एक थेंब नको. आणि उलट्या झाल्या तर औषध बंद आणि लगेच इकडं या. हे लक्षात ठेवा."

"बरी हुईल का?" मामंजींनी विचारलं.

"जपलं तर चालेल तिचं," त्या म्हणाल्या. बरी होईल असं त्या म्हणाल्या नाहीत, हे मी ऐकलं. मामंजींनीही ऐकलं असणार. परत येताना मोटारीत त्यांनी ती बाटली कोपरीच्या खिशात घालून वरून हात धरला होता, आणि तो हात त्यांनी गावापर्यंत काढला नाही.

घरी आल्यावर त्यांनी बूच काढलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ह्यात दारू हाय," ते म्हणाले.

खरंच होती. आता मला माहीत आहे, तो अर्क स्पिरिटात काढतात. बाटली उघडली की भसकन वास यायचा. ज्या घरात कांद्याला बंदी, त्या घरात देवाच्या खोलीपासून दोन हातांवर दारूची बाटली. आत्याबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "औशिद म्हनून घ्यायाला काय हुतंय? पोटात जायाचं तिच्या." मामंजी बाटलीकडे बघत बसले. मी भिंतीआड उभी होते. मला वाटलं, आता हे बाटली परड्यात ओततील आणि मग माझं काय. त्या क्षणी मला त्यांची माळ, त्यांचा देव, त्यांची एकादशी, सगळ्याचा राग आला.

त्यांनी ओतली नाही. ते म्हणाले, "औशिद तर द्यायाचंच. वास तेवडा जाऊ द्यायाचा."

दुसऱ्या दिवसापासून बाटली बूच काढून माळवदावर उन्हात. आमच्याकडे घराला मातीचं सपाट छत असतं, त्यावर पापड-मिरच्या वाळतात तिथंच. धूळ पडू नये म्हणून तोंडाला पातळ फडकं बांधलेलं. कावळ्यानं पाडू नये म्हणून भोवती विटांचा कोट. संध्याकाळी मामंजी वर चढायचे, फडकं सोडायचे, वास घ्यायचे आणि बाटली उजेडाकडे धरून आत्याबाईंना दाखवायचे. "बग, येवडी गेली. पाप उडून चाललंय, औशिद खाली ऱ्हातंय." इतकी काळजी त्यांनी देवाच्या समईचीही कधी घेतली नसेल. मग आत्याबाई पळीत थेंब मोजायच्या, नगरला सांगितले होते तेवढेच.

आणि मला बरं वाटायला लागलं. हेच तर सांगायचं आहे. चार-पाच दिवसांत भोरड्या बसल्या. फडफड गेली नाही पण पंख मिटल्यासारखी झाली. मी जिना एका दमात चढले. हुरडा भाजला तेव्हा मी आगटीशी बसून गरम कणीस हातावर चोळलं, फुंकर मारली, आणि फुंकर मारताना दम लागला नाही. मामंजींनी आत्याबाईंना म्हटलं, "तिला म्हनावं, आनखी खा." त्या संध्याकाळी मला वाटलं की हे परत येतील तेव्हा मी असेन.

मग अन्नावरची वासना गेली. हुरड्याचा वास नकोसा झाला. अंग जड पडलं. मी म्हटलं, थंडीनं असेल. करडई तेव्हा ऐन भरात होती आणि मला सगळं रान पिवळं दिसत होतं, त्यात नवल काय? बांध पिवळे. वाट पिवळी. आभाळाच्या कडाही पिवळ्या. मला वाटलं, कवितेत लिहितात ते हेच असेल. असं रान मी जन्मात पाहिलं नव्हतं.

एका दुपारी मामंजी भजनाला निघाले होते, नवा धुतलेला फेटा बांधून. मी आत्याबाईंना म्हटलं, "मामंजींचा फेटा हळदीत पडला का हो?"

आत्याबाईंनी फेट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोन्चा फेटा? त्यो तर पांढरा सपेत हाय."

मी हसल्यासारखं केलं. दोरीवरचं धोतर पाहिलं. पिवळं. चुन्याची भिंत पाहिली. पिवळी. तव्यावरची ज्वारीची भाकरी पाहिली. तीही पिवळी. करडई रानात होती आणि रंग माझ्या डोळ्यांत होता. हे कुणाला सांगायचं आणि काय म्हणून सांगायचं?

त्यानंतर उलट्या सुरू झाल्या. गोठ्यामागं मी वाकलेली असताना आत्याबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "किती दिस झालं गं त्यो गेल्याला?"

त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच रोज मोजलं होतं. वर्ष उलटून गेलं होतं. मी तोंड धुतलं आणि त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या माझ्या पोटाकडे बघत होत्या. दुखण्यानं मरण्याची भीती मला होतीच. पण अशा नजरेखाली मरण्याची भीती काय असते ती त्या दिवशी कळली. मी शपथ घ्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा उलटी आली.

मामंजी ओसरीवर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते उठले, गोठ्यामागं आले आणि आत्याबाईंना म्हणाले, "काय बोलतीस? बाईनं सांगितल्यालं इसरलीस? वकाऱ्या झाल्या की या, म्हनली हुती. गाडी जुप म्हनावं सदा गड्याला." आणि मग, मी या घरात आल्यापासून पहिल्यांदा, माझ्याकडे वळून मला म्हणाले, "चल पोरी."

ती बैलगाडी, पुढची ती मोटार, मला नीट आठवत नाही. आठवते ती छाती. भोरड्या नव्हत्या. एकसुद्धा नव्हती. एक ठोका पडायचा आणि मग काही नाही. मी वाट बघायची. मग कुठूनतरी दुसरा यायचा. रान रिकामं झाल्यावर जशी सामसूम होते तशी, आणि त्या सामसुमीत मी बसले होते. फडफडीला घाबरून मी इतके दिवस काढले. आता वाटत होतं, थोडं फडफडू दे, निदान आहे ते तरी कळेल.

डॉक्टरीणबाईंनी नळी लावली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "किती थेंब देता?" आत्याबाई बरोबर आल्या होत्या, त्यांनी बरोबर आकडा सांगितला. "पिवळं दिसतं का?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला आणि मी रडायलाच लागले. जगात कुणाला तरी ते ठाऊक होतं. त्यांनी बाटली मागितली. मामंजींनी कोपरीतून काढून दिली. त्यांनी ती उजेडाला धरली, बूच काढलं, वास घेतला, पुन्हा घेतला.

"हिचा वास कुठं गेला?"

मामंजी पुढं झाले. "म्या घालवला बाई. आमच्या घरात दारू चालत न्हाई. बूच काडून उन्हात ठेवत हुतो. औशिदाला हात लावला न्हाई. द्येवाशपत, येक थेंब सांडला न्हाई."

डॉक्टरीणबाई रागावतील असं मला वाटलं. त्या खुर्चीवर बसल्या. "बाबा," त्या म्हणाल्या, "उडालं ते नुसतं पाणी आणि स्पिरिट. औषध उडत नाही. ते..."

"थांबा," मामंजी म्हणाले. त्यांचा हात गळ्याकडे गेला आणि माळेवर थांबला. तरुणपणी त्यांनी गुऱ्हाळावर कैक हंगाम काढले होते. "रस आटला की काकवी ऱ्हाती. म्हंजी थेंब तेवडाच आनि आत औशिद दुप्पट." मग माळ मुठीत धरून म्हणाले, "म्हंजी म्या तिला रोज जास्त पाजत हुतो."

आत्याबाई पदरानं तोंड झाकून भिंतीकडे वळल्या. मला वाटतं, ते गोठ्यामागचं त्यांना आठवत असावं.

थेंब बंद झाले. मला ठेवून घेतलं. छातीतली सामसूम ओसरायला दिवस लागले, आणि पिवळेपण त्याहून सावकाश गेलं. मी खाटेवर पडून समोरची चादर बघत राहायची. आज कालच्यापेक्षा पांढरी आहे का? की मला तसं वाटतंय? मामंजी आवारातल्या लिंबाखाली बसलेले असायचे. अन्न घ्यायचे नाहीत, दूध तेवढं घ्यायचे. सकाळी वॉर्डातल्या बाया प्रार्थनेची गाणी म्हणायच्या. ते मान हलवत ऐकायचे. आत्याबाईंनी डोळे वटारले तर म्हणाले, "चाल आपलीच हाय." नर्सबाई रोज माझी नाडी बघून बाहेर जायच्या, आणि ते उभे राहायचे. त्या मान हलवायच्या. ते बसायचे. ज्या सकाळी चादर चादरीसारखी दिसली त्या सकाळी मी नर्सबाईंना म्हटलं, "बाहेर मामंजींना सांगा, फेटा पांढरा दिसतोय." खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी फेटा काढला आणि त्यात तोंड घातलं.

नवी बाटली मिळाली, थेंब कमी. या वेळी मामंजींनी बाईंना दोनदा विचारून घेतलं: वास राहिला म्हणजे औषध बरोबर, वास गेला म्हणजे धोका. हे त्यांनी धरलं ते कायमचं.

पुढच्या एकादशीला भजनाची मंडळी जमली. मामंजींनी टाळ हातात घेण्याआधी सांगितलं, "माज्या घरात दारूची बाटली हाय. देवाच्या शेजारच्या देवळीत हाय. थितंच ऱ्हानार. ज्याला हितं बसून भजन करवत न्हाई त्यानं आत्ताच उठावं." दोघे उठले. एक पुढच्या पंधरवड्यात परत आला, एक कधीच आला नाही. मामंजींनी त्याची वाट पाहिली, पण बाटली हलवली नाही.

आणि रोज सकाळी, अंघोळ झाली की गंध लावायच्या आधी, ते देवळीतून, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यातून, बाटली काढायचे. बूच उघडून नाकाशी धरायचे. ज्या वासानं ते भिंतीकडे तोंड करायचे तो वास डोळे मिटून, खोल घ्यायचे. मग आत्याबाईंना नाही, मला म्हणायचे, "हाय. घे." मी पदर सावरून म्हणायची, "घेते." तीन टप्प्यांचं आमचं संभाषण संपलं ते असं. मग ते हात धुऊन पूजेला बसायचे.

हे पलटणीतून सुखरूप परत आले तेव्हा मी होते. उंबऱ्यात उभी होते. मामंजी त्यांना एवढंच म्हणाले, "तुजी अमानत. जरा डाग पडलाय माज्या हातनं." यांना काय ते कळलं नाही, मी नंतर सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मूल नको म्हणून बजावलं होतं, हेही सांगितलं. बाया विचारतात. आत्याबाई त्यांना काय उत्तर देतात मला ठाऊक नाही, पण एकदा विचारणारी दुसऱ्यांदा विचारत नाही.

फडफड आहे. ती काही जायची नाही. कधी महिना महिना पत्ता नसतो, कधी दळण दळता दळता उठते आणि मी जात्याचा खुंटा धरून बसून राहते. प्रत्येक वेळी वाटतं, ही शेवटची. सवयीनं भीती कमी होते म्हणतात. माझी झालेली नाही. मी फक्त तिच्यासकट भाकरी करायला शिकले.

मामंजी गेल्या श्रावणात गेले. तापाचं निमित्त झालं. आदल्या दिवशीही त्यांनी अंथरुणावरून हात पुढे केला होता, आणि मी बूच त्यांच्या नाकाशी नेलं होतं. तेव्हापासून माझी मीच वास घेते. घेते आणि खात्री होत नाही. पुन्हा घेते. माझ्या डोळ्यांनी मला एकदा फसवलं आहे, नाकाचा तरी काय भरवसा? पावसाळाभर आणि थंडीभर असंच चाललं. आत्याबाई लांब उभ्या असतात, पदर नाकाला लावून. इतक्या वर्षांत त्यांनी त्या बाटलीचा वास कधी घेतला नाही. थेंब मोजतानासुद्धा श्वास धरायच्या.

आज करडईला पहिलं फूल दिसलं. मी धोतर बघितलं, दूध बघितलं, चहा टाकला. छातीत सकाळपासून चुळबूळ होती. देवळीतून बाटली काढली, बूच उघडलं आणि हात तसाच पुढे धरून उभी राहिले. कुणाची वाट बघत होते ते लक्षात आलं तेव्हा हात मागं घ्यायलाही सुचेना.

आत्याबाई चुलीपासून उठल्या. गुडघ्यावर हात टेकून सावकाश आल्या. नाकावरचा पदर खाली घेतला, माझ्या हातातलं बूच काढून घेतलं आणि नाकाशी धरलं. त्यांचं तोंड आंबट झालं, डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा एकदा धरलं, नीट.

"हाय," त्या म्हणाल्या. "घे."